शिफ्टचं पहिलं काम

९ फेब्रुवारी

टिल्ली,

सहा वर्षांनी पत्र लिहिताना वर काय लिहायचं असतं ते आठवत नाही. ‘प्रिय’ लिहिलं तर तू हसशील, आणि काहीच नाही लिहिलं तर तुझी वहिनी रागावेल. ती समोरच बसली आहे. तिच्यामुळे लिहितोय हे आधीच सांगून टाकतो. फोनवर आपण दोघं पहिल्या मिनिटात भांडतो, म्हणून पत्र.

तर मला नोकरी लागली. तुझ्याच कारखान्यात. दोन महिने झाले. वीज केंद्राच्या आवारात जिथे कोळशाचे ढीग असायचे तिथे आता चार स्टीलच्या टाक्या उभ्या आहेत, दोन मजली उंच, आणि त्यांच्या पोटात तुझे जंतू. उन्हावाऱ्याच्या विजेने पाणी फोडायचं, त्यातला हायड्रोजन जंतूंना खाऊ घालायचा आणि ते भरपूर वाढले की वाळवून त्यांचं पीठ करायचं. शेत नको, पाऊस नको. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी भट्टीवरच्या आपल्या लंबूला म्हणालो, ही लहानपणी अंगणातली माती खायची, आता सगळ्यांना जंतू खायला घालणार. पण सलग दोन वर्षं उभी पिकं करपल्यावर हसायलाही कुणी उरलं नाही. तुझी वहिनी शाळेच्या स्वयंपाकघरात आहे. तिथे रोजच्या सूपमध्ये आता तुझंच पीठ जातं. चव बरी आहे. थोडी भिजवलेल्या पुठ्ठ्यासारखी.

लोक म्हणतात, आम्हाला कामावर घेतलं ते तू भांडलीस म्हणून. वरचे म्हणत होते की नवी शिकलेली माणसं आणा, हे बॉयलरवाले पन्नाशीला आलेत, यांना काय शिकवायचं. आणि तू म्हणे सांगितलंस, ज्यांची भट्टी मी बंद केली त्यांनाच घ्या, नाहीतर माझी सही मिळणार नाही. खरं असेल तर आभार. लिहून टाकलं, वहिनीने वाचलं, झालं.

तुझी सही आम्ही आधीही पाहिली होती. केंद्र बंद करायच्या अहवालाखाली, पाचांतली तिसरी, पेपरात छापून आलेली. बाबांनी तो पेपर वाचला, घडी केली आणि खिशात घातला. मग जे काही बोलायचं होतं ते मीच तुला फोनवर बोललो. आणि बाबा गेले ते तुला दुसऱ्या दिवशी कळलं, ते तुझ्या मनात असणार. फोन लागत नव्हता. तेव्हा लाइन खराबच असायची.

काम सोपं आहे. राख नाही, धग नाही, नाक शिंकरलं तर रुमाल पांढरा राहतो. पडद्यावर आकडे येतात, ते बघत बसायचं. पण मी बाबांच्या हाताखाली शिकलेला. शिफ्ट हातात घेतली की ते पहिलं काय करायचे, आठवतं? बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणारी काचनळी असते, तिच्या खालचा कॉक उघडून क्षणभर पाणी सोडायचे, बंद करायचे आणि पातळी परत वर येते का ते बघायचे. नळीत कचरा अडकला तर काच खोटी पातळी दाखवते, आणि तिच्यावर विसंबलेला बॉयलर फुटतो. आधी काच, मग चहा. बत्तीस वर्षं त्यांनी एक दिवस चुकवला नाही, मी सत्तावीस वर्षं. इथे काचनळी नाही, नुसता आकडा. मी आपली माझ्या परीने खात्री करून घेतो.

दादा

१७ मार्च

टिल्ली,

माझ्या पत्राला तुझं दहा पानी उत्तर. लहानपणीही तू एका प्रश्नाला असंच उत्तर द्यायचीस आणि मास्तर कंटाळून पूर्ण मार्क द्यायचे. वहिनीने ते दोनदा वाचलं. मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

तू लिहिलंस ते लंबूलाही वाचून दाखवलं. जूनअखेरपर्यंत या चार टाक्या न थांबता चालल्या, तर कोळशाच्या आणखी अकरा गावांत असेच कारखाने निघणार, तिथल्या भट्ट्या ठरल्या तारखेला बंद होणार आणि भट्टीवरची माणसं टाक्यांवर लागणार. नाहीतर भट्ट्या बंद करायचा कायदा पुढे ढकलायला टपलेले लोक आहेतच. लंबू म्हणाला, “म्हणजे अकरा गावांचं पोट आपल्या बोटांवर आहे तर.” आणि स्वतःची बोटं बघत बसला. त्याला डोक्यावर जाळीची टोपी घालावी लागते, केस पिठात पडू नयेत म्हणून. त्याच्या डोक्यावर एक केस नाही. भिंगवाली म्हणते, नियम म्हणजे नियम.

भिंगवाली म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतल्या बाई. काल त्यांनी सगळ्यांना पुन्हा एकदा धडा दिला. टाकीच्या तळाला नमुना घ्यायचा कॉक आहे. तो उघडण्याआधी वीस मिनिटं आणि मिटल्यावर वीस मिनिटं त्यात वाफ सोडायची. नाहीतर तोंडाशी राहिलेल्या थेंबात बाहेरचे जंतू धरतात आणि हळूहळू आत चढतात. आपले जंतू गरीब, बाहेरच्यांपुढे टिकत नाहीत. हे त्यांनी शिकवणीतही सांगितलं होतं म्हणे. तेव्हा आम्ही बहुतेक लंबूच्या टोपीला हसत होतो.

त्यावरून लंबूचा एक प्रश्न आहे. त्याला स्वतः विचारायची लाज वाटते. समजा, कुणी वाफ न देता कॉक उघडला, अगदी वाटीभर सोडण्यापुरता, तर लगेच बिघडतं का? आणि समजा तीन महिने काही झालं नाही, तर पुढेही होणार नाही, असं धरायला हरकत नाही ना? सवडीने कळव. म्हणजे या आठवड्यात कळवलंस तर बरं.

इथे उन्हाचं काही विचारू नकोस. मार्चमध्येच शाळा सकाळची केली. वहिनी ओलं फडकं मानेवर टाकून जाते आणि ते कोरडं करून परत आणते. नदीत पाय घातला तर गरम लागतो.

दादा

६ एप्रिल

टिल्ली,

तू बातम्यांत पाहिलंच असशील, तरी लिहितो.

सत्तावीस मार्चला सकाळी दोन नंबरच्या टाकीला आंबूस वास आला. भिंगवालीने नमुना नेला आणि धावत परत आली. त्या बाईला मी त्याआधी कधी धावताना पाहिलं नव्हतं. नऊ दिवसांत चारही टाक्या गेल्या. सगळं ओतून द्यावं लागलं. जमिनीखालच्या हौदाशी लंबू आणि मी पाइप धरून उभे होतो, आणि तपकिरी पाणी चार तास वाहत होतं.

तपासणीचा निकाल यायच्या आधीच शेवटची पोती शाळेत पोचली होती. त्रेचाळीस मुलांना उलट्या झाल्या. तिसऱ्या दिवशी सगळी घरी परतली, कुणाला काही झालं नाही. पण सूप वाढायला तुझी वहिनी होती. एका मुलीने दुसऱ्यांदा मागितलं होतं, एवढंच ती सारखं सांगते.

मग चौकशी समिती आली. कँटीनमध्ये टेबल लावून एकेकाला दहा मिनिटं आत बोलावलं. मला विचारलं, तळाच्या कॉकबद्दल काही सांगायचंय का. मी म्हणालो, त्याचं सील मला पहिल्यापासून ढिलं वाटत होतं. लंबूही तेच म्हणाला. बाहेर आल्यावर कळलं की सगळेच तेच म्हणाले. कुणी ठरवलं नव्हतं. ते सील कुणी निवडलं होतं ते मला माहीत नव्हतं, एवढं समज.

दुरुस्ती करून पुन्हा सुरू करतील असं इथे सगळे म्हणतात. तुझ्याकडून काही आलं नाही. लंबूच्या प्रश्नाचं उत्तर आता नको.

दादा

२९ एप्रिल

टिल्ली,

पेपरात वाचलं. ‘सदोष रचना.’ खाली तुझं नाव, तुझं पद आणि तुला त्यावरून काढल्याची तारीख. मी पेपरची घडी केली आणि खिशात घातली, आणि तेव्हा बाबांची आठवण आली, म्हणून आज सगळं लिहायला बसलो. वहिनी शाळेत गेली आहे. शाळेत आता स्वयंपाक होत नाही, ती नुसती भांडी मोजून ठेवते.

सील ढिलं नव्हतं. कॉक मी उघडायचो. पहिल्या दिवसापासून, सहाची शिफ्ट हातात घेतली की चारही टाक्यांचा, एकामागून एक. वाटीभर सोडायचो, रंग बघायचो, बंद करायचो. वाफ नाही, काही नाही. पडद्यावरचा आकडा कितीही म्हणू दे, डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला शिफ्ट घेतल्यासारखं वाटत नव्हतं. टाकीची काळजी म्हणूनच करायचो ग. बाबा असते तर त्यांनीही हेच केलं असतं. लंबूचा काही प्रश्न नव्हता.

आणखी वाईट पुढे आहे. भिंगवालीने धडा दिला त्यानंतरही मी दोन दिवस उघडला. एकदम बंद केलं असतं, तर आधीचे सगळे दिवस चुकलो होतो हे स्वतःशी कबूल करावं लागलं असतं. तिसऱ्या दिवशी सोडलं. त्या दोन दिवसांनीच घात केला की आधीच झाला होता, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मला मात्र ते दोनच दिवस छळतात.

आणि कबुलीच द्यायची तर सगळीच देतो. बाबा गेले तेव्हा फोन लागत होता. मी लावलाच नाही. वहिनीने दोनदा हातात दिला, मी दोनदा म्हणालो, लागत नाही. शेवटच्या आठवड्यात ते हॉस्पिटलात होते, तेव्हा येईल त्या नर्सला खिशातला पेपर काढून दाखवायचे. “ही तिसरी सही आहे ना, ती माझ्या मुलीची.” त्यांची भट्टी बंद करणाऱ्या कागदावरची सही, आणि माणूस ती मिरवत होता. मी सत्तावीस वर्षं त्यांच्या शेजारी उभा राहिलो, माझी सही त्यांनी कधी कुणाला दाखवली नाही. म्हणून तुला त्यांचं तोंड बघू दिलं नाही. दुसरं काही कारण नव्हतं.

सोमवारी मी समितीच्या ऑफिसात जाऊन लेखी जबाब देणार आहे. आधी तुला कळावं म्हणून लिहितोय. तुझं नाव तरी निघेल त्यातून.

दादा

२० मे

टिल्ली,

सोमवारच्या आधी तुझं पाकीट आलं, म्हणून गेलो नाही.

आतला तक्ता मी किती वेळ बघत बसलो होतो ते मलाच कळलं नाही. कॉक उघडला की यंत्र आपोआप वेळ लिहितं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं तेव्हा आम्ही टोपीला हसत असू. सहा वाजून दोन मिनिटं, सहा वाजून चार, सहा, आठ. चार टाक्या. मी थांबेपर्यंतचे माझ्या शिफ्टचे सगळे दिवस, एकही सुटलेला नाही. आणि कोपऱ्यात तुझ्या अक्षरात तारीख, दोन एप्रिल. म्हणजे समितीसमोर मी सील ढिलं म्हणत होतो तेव्हा हा कागद तुझ्याकडे होता.

तू दौऱ्यावर होतीस आणि माझं मार्चचं पत्र तुला एकतीस तारखेला मिळालं. मुलांनी सूप प्यायलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. तू लिहिलंस, ‘लंबूला लाज वाटते हे वाचलं आणि लगेच यंत्राच्या नोंदी मागवल्या. लंबूला कधी कशाची लाज वाटली आहे?’ हे वाचताना हसू आलं, आणि मग फार वाईट वाटलं.

पुढच्या ओळी मला पाठ झाल्या आहेत. ‘दादा, गप्प बस. बॉयलरवाल्याची चूक असं लिहिलं गेलं, तर अकरा गावांत एकाही बॉयलरवाल्याला दाराच्या आत घेणार नाहीत. रचना चुकली असं लिहिलं, तर रचना बदलतील आणि माणसं ठेवतील. सील मीच निवडलं होतं, तेव्हा कुणाला शंका येणार नाही.’ फोनबद्दल तू एक अक्षरही लिहिलं नाहीस. शिव्या दिल्या असत्यास तर मला जरा बसायला जागा मिळाली असती.

वहिनीला सांगितलं. ती भांडी पुसत होती.

“रोज?” तिने विचारलं.

“रोज.”

“त्या मुलीने परत मागितलं तेव्हा मी तिला नेहमीपेक्षा जास्त वाढलं. घरी काही मिळत नसेल म्हणून.” तिने हातातलं भांडं पुसून पालथं ठेवलं, मग दुसरं घेतलं. ते पुसता पुसता म्हणाली, “टिल्ली गप्प बस म्हणते ना? मग बसा. जन्मात एकदा तरी तिचं ऐका.”

तेव्हा ऐकतोय. रस्त्यात लोक म्हणतात, तुमच्या बहिणीने गावाची वाट लावली. मी मान हलवतो. परवा किराणा दुकानदार म्हणाला, शिकलेल्या लोकांना कामातलं काय कळतं. त्यालाही मान हलवली. अकरा गावं, अकरा गावं, असं मनात म्हणत घरी येतो.

दादा

३० जून

टिल्ली,

अकरा गावंही गेली. हे तुला माझ्याआधी कळलं असणार. कारखाने रद्द, आणि भट्ट्या बंद करायची तारीख दहा वर्षं पुढे. धान्य नाही, तुझं पीठ नाही, आणि लोकांना पंख्याला वीज हवी. सभेत कुणीतरी बोलला म्हणे, जंतूंचे प्रयोग पुरे झाले. टाळ्या पडल्या.

तू लिहिलंस, ‘आता खरं सांगितलंस तरी चालेल, आता त्याने कुणाचं काही बिघडणार नाही.’ म्हणून गेलो होतो. तुझा तक्ता आणि माझा चार पानी जबाब घेऊन. कारकुनाने पहिलं पान वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “काका, फाइल बंद झाली. तुमचं केंद्र तर परत सुरू होतंय. मग तुमची तक्रार नेमकी काय आहे?” कागद त्याने व्यवस्थित पाकिटात घालून परत दिले. चांगला माणूस होता. साहेबांना भेटायचं म्हणालो तर म्हणाला, त्यांची बदली झाली.

हो, केंद्र सुरू होतंय. पाडायच्या ऐवजी नुसतं झाकून ठेवलं होतं ते. टाक्या कापायला सुरुवात झाली आहे, जागा कोळशाला हवी. मला पत्र आलं, अनुभवी माणसांची गरज आहे, सोमवारपासून हजर व्हा. सहा वर्षांपूर्वी तुला फोनवर ओरडून जे मागितलं होतं ते सगळं मला मिळालं. मी रोज वाटी वाटी सोडून ते मिळवलं.

जाणार नाही असं लिहायचं होतं. पण घरात दोन माणसं आहेत आणि दुसरं काम गावात नाही. गेलो.

भट्टी अर्धीच पेटवतात. नदीचं पाणी इतकं तापलंय आणि इतकं उतरलंय की यंत्र थंड करायला पुरत नाही. म्हणजे ज्या उन्हासाठी वीज हवी त्याच उन्हाने वीज निघत नाही, आणि तरी आम्ही कोळसा लोटतोय. आत उभं राहवत नाही. दोघं जण पहिल्याच दिवशी भोवळ येऊन पडले. ही गोष्ट कुठे जाऊन थांबणार ते तू अहवालात लिहिलं होतंस. तो अहवाल मी आता कुठे वाचला, बाबांच्या पेटीत होता. पानांच्या कडांना त्यांच्या बोटांचे काळे ठसे आहेत, शेवटच्या पानापर्यंत.

आता सोमवारचं सांगतो आणि थांबतो. सहाला शिफ्ट हातात घेतली. काचनळीसमोर उभा राहिलो. खालचा कॉक तिथेच होता, बाबांच्या हाताने गुळगुळीत झालेला. जगात एवढी एकच जागा आहे जिथे तो उघडायलाच हवा. टिल्ली, माझा हात वर गेला नाही. उघडायचंय हे कळत होतं, नाही उघडलं तर काय होतं तेही कळत होतं. खिशातला हात खिशातच राहिला. भट्टी पेटलेली, शंभर माणसं आवारात, आणि मी नुसता उभा.

लंबू आला. “काय रे, विसरलास काय?” म्हणाला. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग त्याने मला खांद्याला धरून हळूच बाजूला केलं आणि स्वतः कॉक उघडला. पाणी सुटलं. त्याने बंद केला. पातळी परत वर आली.

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “कर सही.”

नोंदवहीत ‘काच तपासली’ असं लिहिलं आणि खाली मी सही केली.

दादा